डावी कड

१

चित्र पडद्यात बसवण्याच्या कामाचा त्याला मनापासून वीट आला होता, पण येत होतं ते एवढंच काम. कॅमेऱ्यातून निघालेलं चित्र एका मापाचं असतं आणि पडदा दुसऱ्याच मापाचा. दोघांचं जमवून द्यायला मध्ये एक काळी पेटी बसवतात, तिला स्केलर म्हणतात. पेटीला सांगायचं, चित्र एवढं मोठं कर, एवढं डावीकडे सरकव, जरा वर घे. पेटी ऐकते. म्हणजे ऐकायला हवं. चित्र नीट बसलं तर बसवणाऱ्याचं कुणी नावही काढत नाही, आणि बोटभर चुकलं तर सगळे त्याच्याच नावाने खडे फोडतात.

‘सूतभर डावीकडे’, ‘सूतभर वर’ असं दिवसभर म्हणत राहिल्यामुळे धंद्यातल्या लोकांनी त्याचं नावच सूतभर पाडलं होतं. बायकोही त्याच नावाने चिडवायची. दोघं मिळून काम करायची. ती कॅमेऱ्यासमोर हातात पांढरा पुठ्ठा धरून उभी राहायची, खोलीच्या एकेका कोपऱ्यात जाऊन फोनवर विचारायची, ‘दिसतोय?’ हा पडद्यासमोर बसून सांगायचा, ‘अर्धा दिसतोय’, ‘गेला’, ‘आला’. चित्राची कड कुठे कापली जाते हे कळायला याहून सोपी युक्ती नाही. अशी कितीतरी सभागृहं त्यांनी भांडत भांडत बसवली होती.

त्या दिवशीचं काम एका संस्थेच्या वरच्या मजल्यावर होतं. दुपारी मोठी सभा होती. सभेची खोली लहान, माणसं जास्त, म्हणून उरलेल्यांनी बोळापलीकडच्या खोलीत बसून मोठ्या पडद्यावर सभा पाहायची, अशी सोय. दोन्ही खोल्यांची दारं जाडजूड, आवाज अडवणारी. या खोलीतून ओरडलं तरी त्या खोलीत ऐकू जायचं नाही.

‘‘आधीचा माणूस काम अर्धवट टाकून गेला,’’ व्यवस्थापक बाई म्हणाल्या. बाईंना उभ्या उभ्या बोलायची सवय होती, ऐकायची नव्हती. ‘‘फोन उचलत नाही. पिशवीसुद्धा न्यायला आला नाही. तेवढी ती कडेची पट्टी घालवा, बाकी सगळं व्यवस्थित आहे.’’

पिशवी पडद्याखाली पडलेली होती. त्यात पकड, टेप, आणि मूठ झिजून गुळगुळीत झालेला एक स्क्रूड्रायव्हर. अवजारं टाकून कोणता माणूस जातो, असं सूतभरच्या मनात आलं. पण सकाळपासून त्याचं डोकं ठिकाणावर नव्हतं. येताना गाडीत बायकोशी कडाक्याचं भांडण झालं होतं.

भांडण नेहमीचंच होतं. तिची आई एकटी राहत होती आणि आता तिला एकटं ठेवणं बरं नव्हतं. घरातली मागची खोली रिकामी केली असती तर आईची सोय झाली असती. त्या खोलीत सूतभरच्या केबलींची भेंडोळी होती. गेलं वर्षभर तो ‘बघू’ म्हणत होता.

‘‘तुझं ‘बघू’ म्हणजे काय ते मला चांगलं ठाऊक आहे,’’ ती म्हणाली होती, आणि गाडीचं दार इतक्या जोरात ओढलं होतं की तिचाच अंगठा सापडला. त्यावर निळी चिकटपट्टी गुंडाळून ती कामाला उभी राहिली होती.

२

पट्टी होती खरी. चित्राच्या डाव्या कडेला, वरपासून खालपर्यंत, बोटभर रुंदीची, करड्या रंगाची. ती स्थिर नव्हती. पाण्यात सोडलेल्या कापडासारखी हलत होती. बाकी चित्र स्वच्छ होतं: समोर व्यासपीठ, खुर्च्यांच्या रांगा, आणि डावीकडच्या भिंतीशी पिण्याच्या पाण्याचं मशीन. आल्या आल्या त्याने त्याच मशीनमधून कागदी कपात पाणी घेतलं होतं. कप अजून त्याच्या टेबलावर होता.

त्याने केबल बदलली. पट्टी तशीच. जोडण्या काढून पुन्हा घातल्या. तशीच. पेटी बंद करून चालू केली, तिला दोन शिव्या हासडल्या. तशीच.

अशा वेळी धंद्यातले लोक जे करतात तेच त्याने करायचं ठरवलं. दोष कुठे आहे ते शोधत बसायचं नाही. चित्र डावीकडे थोडं सरकवायचं, की घाण कड पडद्याबाहेर जाते. मग उजवीकडे फट पडते, ती भरायला चित्र थोडं फुगवायचं. गिऱ्हाइकाला पट्टी दिसत नाही, आपल्याला घरी जाता येतं. कडेचं थोडं चित्र कापलं जातं, पण कडेला कोण बघतंय?

पेटीचा रिमोट मात्र महा वैतागवाणा होता. बटणांवरची अक्षरं पुसून गेलेली. बटण दाबलं की पेटी विचारात पडायची. काहीच व्हायचं नाही. मग माणूस साहजिकच आणखी चार वेळा दाबायचा, आणि मग पेटीला जाग येऊन सगळ्या दाबण्यांचा हिशेब ती एकदम चुकता करायची. चित्र जागा सोडून भलतीकडेच जायचं.

‘‘एकदा दाब आणि थांब,’’ बायको फोनवरून म्हणाली. फोन दोघांचे चालूच असायचे. ‘‘तुला जरा म्हणून धीर नाही.’’

‘‘तू पुठ्ठा धर.’’

‘‘धरलाय. मशीनशी उभी आहे. दिसतोय?’’

‘‘दिसतोय. आता तिथून बाजूला हो, मला मोकळी भिंत बघू दे.’’

ती बाजूला झाली. त्याने दाबलं, वाट पाहिली, पुन्हा दाबलं. करडी पट्टी सरकत सरकत पडद्याबाहेर गेली. तिच्यामागोमाग पाण्याचं मशीनही गेलं. चित्र स्वच्छ झालं. सूतभरने हुश्श केलं आणि कपातलं उरलेलं पाणी पिऊन टाकलं.

३

‘‘मशीन कुठे गेलं?’’ बायकोने विचारलं.

‘‘कापलं गेलं. जाऊ दे, सभा काय मशीन बघायला आलीय का?’’

‘‘चित्रातलं नाही विचारत. इथलं. मला पाणी प्यायचंय.’’

तिचा आवाज चिडलेला होता, घाबरलेला नव्हता. सूतभर उठला, बोळ ओलांडला, जाड दार ढकलून सभेच्या खोलीत गेला. बायको कोपऱ्यात हातात पुठ्ठा घेऊन उभी होती. डावीकडची भिंत सरळ, रंगवलेली, रिकामी. जमिनीवर मशीनच्या पायांचे डाग नाहीत. भिंतीत विजेचं बटण नाही.

‘‘कुणी नेलं असेल,’’ तो म्हणाला.

‘‘माझ्या डोळ्यांदेखत? मी पाठ फिरवली ती तू सांगितलंस म्हणून बाजूला व्हायला. एवढं धूड कुणी नेलं असतं तर मला कळलं नसतं?’’

व्यवस्थापक बाई दारातून डोकावल्या. त्यांना विचारलं तर त्या म्हणाल्या, ‘‘इथे कधीच नव्हतं मशीन. पाणी खालच्या मजल्यावर आहे. झाली का पट्टी?’’

सूतभर परत पडद्यासमोर येऊन बसला. टेबलावरचा कप ओला होता. त्याने तो उचलून पाहिला, आत बोट फिरवून पाहिलं. खालच्या मजल्यावर आपण गेलोच नव्हतो, हे त्याला पक्कं ठाऊक होतं. पण भांडणाच्या दिवशी माणसाला काय ठाऊक असतं आणि काय वाटतं, याचा भरवसा नसतो. गेलो असू. येताना खालून आणलं असेल पाणी. त्याने स्वतःची अशी समजूत घातली आणि कप चुरगाळून टोपलीत टाकला.

मग त्याने मान वर केली. चित्राच्या डाव्या कडेला करडी पट्टी हलत होती.

४

आता मात्र त्याच्या तळपायाची आग मस्तकात गेली. पट्टी चित्रातला दोष असती तर चित्राबरोबर बाहेर गेली असती. पेटीचा दोष असती तर जागची हललीच नसती. ही पट्टी आधी बाहेर गेली होती आणि मग पुन्हा आत आली होती. शिवाय आता ती बोटभर उरली नव्हती. दोन बोटं झाली होती.

‘‘अजून दिसतेय,’’ बाई त्याच्या मागे उभ्या होत्या. ‘‘आणि या खुर्च्या अशा जाड का दिसतायत? माणसंही अशीच दिसतील. आमचे अध्यक्ष आधीच वजनाच्या बाबतीत हळवे आहेत.’’

‘‘मॅडम, दहा मिनिटं द्या.’’

‘‘मघाशीही दहाच म्हणाला होतात.’’

बाई गेल्या. त्याने बायकोला पुठ्ठा घेऊन पुन्हा डाव्या कडेला जायला सांगितलं. ती गेली नाही. डाव्या रांगेतल्या शेवटच्या खुर्चीवर जाऊन बसली आणि पुठ्ठा मांडीवर ठेवला. पडद्यावर ती त्याला दिसत होती, पट्टीला अगदी लागून.

‘‘ऊठ ना.’’

‘‘पाय दुखतायत. इथूनच धरते.’’ तिने पुठ्ठा वर केला, निळ्या चिकटपट्टीच्या अंगठ्याने. ‘‘आणि खरं सांगू? हे नीट शोधून काढ. दर वेळी कड झाकून मोकळा होतोस. केबलींच्या खोलीचं तेच, आईचं तेच. तुला जे बघायचं नसतं ते तू बाहेर सरकवतोस.’’

‘‘आई कुठून आली यात?’’

‘‘आईच आहे यात. मी तिला काय सांगू ते सांग. आज सांग. ‘बघू’ म्हणू नकोस.’’

  ती खरं बोलत होती, आणि खरं बोलणाऱ्या माणसाचा राग सगळ्यात जास्त येतो. त्याने रिमोट उचलला आणि बटण दाबलं. काही झालं नाही. पुन्हा दाबलं. पेटी ढिम्म. त्याने दात खाऊन अंगठा बटणावर आपटला, आपटतच राहिला. किती वेळा ते त्याला नंतर आठवेना.

‘‘अरे, मी अजून इथे...’’ ती म्हणाली, आणि पेटीला जाग आली.

५

चित्र एकदम फुगलं आणि डावीकडे ओढलं गेलं. पट्टी गेली. शेवटची खुर्ची गेली. पडद्यावर व्यासपीठ आणि खुर्च्यांच्या रांगा उरल्या.

‘‘जास्त गेलं,’’ तो फोनवर म्हणाला. ‘‘तू उठू नकोस, मी मागे घेतो.’’

‘‘बरं,’’ ती म्हणाली. मग म्हणाली, ‘‘दिवे गेले का रे?’’

पडद्यावर सभेची खोली लखलखीत होती. ‘‘नाही.’’

‘‘इथे अंधारल्यासारखं झालंय.’’

का कोण जाणे, तो उठला. बोळ ओलांडला, दार ढकललं. खोलीत सगळे दिवे लागलेले होते. माणूस एकही नव्हता. डावी रांग भिंतीपासून अंतर राखून संपत होती, आणि शेवटच्या खुर्चीपलीकडे आणखी एक खुर्ची होती, याची कसलीही खूण नव्हती. त्याने व्यासपीठामागे पाहिलं. खिडक्यांच्या पडद्यांमागे पाहिलं. खोलीला दुसरं दार नव्हतं, आणि एकुलत्या एका दारातून तर तोच आत आला होता.

रुसली असेल, त्याला वाटलं. माझी खोड मोडायला कुठेतरी लपली असेल. तसं ती करायची नाही, पण आजचा दिवसच वेगळा होता.

‘‘कुठे आहेस?’’ त्याने फोनवर विचारलं.

‘‘कुठे म्हणजे? बसवलंस तिथेच. जागची हललेली नाही.’’

तिच्या आवाजामागे सभेच्या खोलीचा घुमारा नव्हता. कपाटात तोंड घालून बोलावं तसा तो आवाज बसका होता. आणि त्याच्यामागे, अगदी जवळ, काहीतरी गुडगुडलं. पाण्याच्या मशीनमधून मोठा बुडबुडा वर जातो तसं.

‘‘मशीन इथेच आहे की,’’ ती म्हणाली. ‘‘मी उगाच ओरडले तुझ्यावर.’’

सूतभर भिंतीपाशी गेला. रंगवलेल्या भिंतीला त्याने कान लावला, मग तळहात लावला. भिंत गार होती. पलीकडे इमारत संपत होती. तो धावत पडद्याच्या खोलीत परत आला.

६

व्यवस्थापक बाई पडद्यासमोर उभ्या होत्या. ‘‘छान,’’ त्या म्हणाल्या. ‘‘गेली पट्टी. आता हात लावू नका.’’

‘‘मॅडम, माझी बायको बाहेर पडताना दिसली का?’’

‘‘तुमची बायको?’’

‘‘माझ्याबरोबर आलीय ती. सकाळपासून. पुठ्ठा घेऊन उभी होती.’’

बाईंच्या चेहऱ्यावर आधी वैताग आला, मग काळजी. काळजी जास्त वाईट होती. ‘‘अहो, तुम्ही एकटेच आलात. मघाशी तिकडे एकटेच बोलत होतात, मला वाटलं कामाची सवय असेल.’’

त्याने फोनचा आवाज मोठा केला आणि बाईंच्या समोर धरला. ‘‘बोल,’’ तो बायकोला म्हणाला. ‘‘मॅडम ऐकतायत, बोल काहीतरी.’’

‘‘काय बोलू?’’ बायको म्हणाली. ‘‘मॅडमना सांग, इथे फार अरुंद आहे. माणसाने बसावं कसं?’’

बाईंनी मान तिरकी केली. ‘‘पाण्याचा आवाज येतोय,’’ त्या म्हणाल्या. ‘‘कुठे नळ चालू राहिलाय का?’’ आणि बोळात माणसांची चाहूल लागली तशा त्या लगबगीने बाहेर गेल्या. सभेचे लोक यायला लागले होते.

सूतभर खाली बसला. समोर पेटी, पेटीवर एक हिरवा दिवा. डोकं चालेना तरी हाताला काम माहीत होतं. जे बाहेर गेलंय ते आत घ्यायचं. चित्र लहान करायचं, उजवीकडे सरकवायचं. एवढंच. दिवसातून शंभर वेळा करतो आपण.

‘‘ऐक,’’ तो म्हणाला. ‘‘मी तुला आत घेतोय. हलू नकोस. आईला आणू आपण. आजच. मी खोली रिकामी करतो, सगळ्या केबली फेकून देतो, ऐकतेस ना?’’

 ती अगदी हळू, जवळच्या माणसाला ऐकू जाऊ नये अशा आवाजात म्हणाली, ‘‘इथे आणखी कुणीतरी आहे.’’

‘‘कोण?’’

‘‘माझ्या मागे. मघापासून विचारतोय, पेटीवर कोण बसलंय.’’

पडद्याखाली ती बेवारशी पिशवी पडलेली होती. सूतभरने तिच्याकडे पाहिलं आणि लगेच नजर काढून घेतली.

७

त्याने बटण दाबलं. एकदा. आणि थांबला, ती सांगायची तसा.

पेटी विचारात पडली. बोळातले आवाज जवळ येत होते, कुणीतरी हसत होतं, बाई कुणाला तरी ‘इकडे, इकडे’ म्हणत होत्या. चित्र सूतभरसुद्धा हललं नाही. त्याने दुसऱ्यांदा दाबलं. फोनमध्ये खुर्ची करकरली आणि बायकोने श्वास आत ओढला. मग त्याला थांबवेना. तो दाबत गेला. आयुष्यात कोणत्याही बटणावर त्याने एवढा जीव टाकला नव्हता.

चित्र आक्रसायला लागलं.

आक्रसत आक्रसत ते उजवीकडे सरकत गेलं. डाव्या कडेने खुर्चीचा पाय आत आला. मग पांढऱ्या पुठ्ठ्याचा कोपरा. मग पुठ्ठा धरलेला अंगठा, निळ्या चिकटपट्टीचा. सूतभरच्या तोंडून रडण्यासारखा आवाज निघाला. कोपर आलं, खांदा आला, तिचा चेहरा आला, तिच्यामागे मशीनचा नळ आला. ती कॅमेऱ्याकडे बघत नव्हती. मान वळवून डावीकडे बघत होती, पडद्यावर अजून न आलेल्या जागेकडे.

‘‘आलीस,’’ तो म्हणाला. ‘‘दिसतेस. पूर्ण दिसतेस. ऊठ आणि दाराकडे ये.’’

‘‘बस,’’ ती म्हणाली. ‘‘आता एवढंच पुरे. आणखी दाबू नकोस.’’

‘‘नाही दाबत. ऊठ ना!’’

‘‘खुर्ची सोडत नाहीये तो.’’

तेव्हा त्याला तो हात दिसला. तिच्या खुर्चीच्या पाठीवर ठेवलेला. खुर्ची बरोबर मापात होती, ती बरोबर मापात होती. हात तेवढा आडवा ताणलेला होता, उंची सोडून नुसतं रुंद केलेल्या चित्रासारखा. एकेक बोट वीतभर रुंद. बोटांमागे मनगट आत येत होतं, आणि मनगटामागे करड्या बाहीचं कापड, वरपासून खालपर्यंत, हळूहळू हलणारं. ते कापड सूतभर सकाळपासून पाहत होता.

‘‘थांबव,’’ ती म्हणाली. ‘‘अरे, थांबव ना.’’

त्याने पेटीकडे पाहिलं. आपण किती वेळा दाबलं होतं ते त्याला आठवेना. तो मागच्या बाजूची वायर शोधू लागला, पण त्याच क्षणी मनात आलं, पेटी बंद केली तर चित्र कुठे जाऊन थांबेल, आणि ती त्यात असेल का? हात तिथेच अडला.

बोळात बाई म्हणत होत्या, ‘‘या, बसून घ्या. चित्र आता अगदी स्वच्छ झालंय.’’

रिमोट त्याने केव्हाच टेबलावर ठेवला होता. चित्र लहान होत राहिलं.